जुन्या डिझेल इंजिनाचा टर्बोचार्जर : बदलावा की वाढवावा?

मालवाहतूक व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जाची परतफेड ही केवळ कर्जदाराच्या नियतीवर अवलंबून नसते, ती वाहनाच्या प्रकृतीवरही तितकीच अवलंबून असते. एकाच ट्रकवर ज्याचा संसार व ज्याचे हप्ते चालतात, त्याच्या दृष्टीने वाहन दहा दिवस कार्यशाळेत उभे राहणे म्हणजे त्या महिन्याच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा गमावणे होय. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक ठरते, हा नियम बँकेतील प्रत्येकास पाठ असतो. परंतु ते खाते त्या स्थितीस का आले, याचे मूळ पुष्कळदा इंजिनाच्या एका बाजूस बसविलेल्या, नारळाएवढ्या आकाराच्या एका यंत्रभागात सापडते. तो भाग म्हणजे टर्बोचार्जर.

हा भाग निकामी झाला की वाहनमालकापुढे दोन मार्ग ठेवले जातात. जसा होता तसाच पुन्हा बसवावा, की ‘आता काढलाच आहे तर थोडा मोठा बसवू’ हा कारागिराचा सल्ला मानावा? हा निर्णय बहुधा धाब्याशेजारच्या गॅरेजमध्ये, अर्ध्या तासात, भाड्याचा माल गाडीत भरलेला असताना घेतला जातो. तो शांतपणे घेता यावा, यासाठी या यंत्राचे शास्त्र व त्यामागील हिशेब दोन्ही समजून घेणे इष्ट ठरेल.

हवेचा हिशेब

डिझेल इंजिनाची शक्ती डिझेलने मिळते असे सामान्यतः मानले जाते. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. डिझेल जाळण्यास हवा लागते आणि ती डिझेलच्या वजनाच्या कित्येक पट लागते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो डिझेलला सुमारे साडेचौदा किलो हवा पुरते. पण सिलिंडरच्या आत इंधन व हवा यांना एकमेकांत मिसळण्यास क्षणभराचाच अवधी मिळत असल्याने, धूर होऊ द्यायचा नसेल तर प्रत्यक्षात वीस ते पंचवीस किलो हवा लागते.

एक परिचित उदाहरण घेऊ. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्स कंपनीच्या जमशेदपूर येथील कारखान्यातून ‘सिक्स बीटी’ हे सहा सिलिंडरचे, ५.९ लिटर क्षमतेचे इंजिन मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि देशभरातील ट्रकांत बसले. चार फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन आवर्तनांत एकदा हवा घेतो. म्हणजे मिनिटास २४०० आवर्तने असताना हे इंजिन १२०० वेळा ५.९ लिटर, अर्थात सुमारे सात घनमीटर हवा घेण्याची क्षमता बाळगते. वाटेतील अडथळे जमेस धरता प्रत्यक्षात सहा घनमीटर आत जाते, असे मानू. त्या हवेचे वजन सुमारे सात किलो. पंचवीसास एक या प्रमाणात त्यात मिनिटाला २८० ग्रॅम, म्हणजे तासाला जवळपास १७ किलो डिझेल जळू शकेल. एका किलोवॉट-तासास २२० ग्रॅम डिझेल लागते असे धरल्यास ही शक्ती साधारण ७६ किलोवॉट, म्हणजे शंभर अश्वशक्ती इतकी होते.

आता त्याच इंजिनाच्या तोंडाशी हवा दुप्पट दाबाने भरली तर? दाब दुप्पट झाला म्हणून हवा दुप्पट होत नाही, कारण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. तीस अंश सेल्सियसची हवा दुप्पट दाबली असता कॉम्प्रेसरच्या बाहेर ती सव्वाशे अंशांच्या आसपास पोहोचते. इंटरकूलरने ती साठ-पासष्ट अंशांपर्यंत थंड केली तर वजनाने सुमारे १.७ पट हवा हाती लागते. वरचाच हिशेब पुढे चालविला तर तेच इंजिन १७० अश्वशक्तीपर्यंत जाते. सिलिंडर तेवढेच, लोखंड जवळपास तेवढेच, शक्ती मात्र पावणेदोन पट.

ही अधिक हवा भरण्यासाठी वेगळे इंधन जाळावे लागत नाही, हीच टर्बोचार्जरची खरी किमया. धुरांड्यावाटे फुकट जाणाऱ्या उष्ण वायूंच्या मार्गात एक चाक ठेवलेले असते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास असलेले चाक बाहेरची हवा खेचून इंजिनात दाबते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. तथापि ती व्यवहारात उतरण्यास वीस वर्षे लागली. १९२० च्या दशकाच्या मध्यास ‘प्रॉयसन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची शक्ती या युक्तीने १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. तत्पूर्वी १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन पाइक्स पीक या ४३०० मीटर उंचीच्या पर्वतावर नेऊन टर्बोचार्जरची परीक्षा घेतली होती. विरळ हवेतही इंजिनाची शक्ती टिकते, हे तेथे सिद्ध झाले. लेहच्या मार्गावर रसद नेणाऱ्या ट्रकांस आज त्याच गुणाचा लाभ होतो.

हा भाग निकामी का होतो?

ट्रकच्या टर्बोचार्जरचा दांडा पूर्ण भारावर मिनिटास एक लाखाच्या घरात फिरतो. लहान वाहनांत हा वेग दोन लाखांपर्यंत जातो. एका बाजूस सहाशे-सातशे अंशांचे वायू, दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा, आणि मध्ये केवळ काही शतांश मिलिमीटर जाडीचा तेलाचा थर. हा दांडा छऱ्यांच्या बेअरिंगवर नव्हे, तर बहुतेक जुन्या टर्बोंमध्ये तेलात तरंगणाऱ्या पितळी बुशांवर फिरतो. तो थर काही सेकंदांसाठी जरी तुटला, तरी धातू धातूस लागतो आणि पुढे होणारी हानी भरून येण्यासारखी नसते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि या संपूर्ण विषयात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. टर्बोचार्जर स्वतःच्या दोषाने क्वचितच जातो. तेल वेळेवर बदलले नाही, तेलाची नळी काजळीने अरुंद झाली, एअर फिल्टर फाटला, फिल्टरपुढील रबरी नळीची पट्टी सैल होऊन धूळ आत गेली, इंजेक्टरचे वा झडपेचे तुकडे उडून चाकावर आदळले, अशी कारणे इंजिनाच्या अन्य भागांत असतात. आणखी एक कारण चालकाच्या सवयीत असते. घाटाची चढण संपताच ट्रक धाब्यासमोर उभा करून किल्ली तत्काळ फिरविली, की तेलाचा प्रवाह थांबतो. तप्त चाकाजवळचे उरलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि तो कोळसा पुढच्या वेळी बेअरिंग घासतो. दोन-तीन मिनिटे इंजिन मंद गतीवर चालू ठेवल्यास ही हानी टळते. तेवढ्या वेळात जळणारे डिझेल चहाच्या पेल्याहून स्वस्त पडते, हे मालकाने चालकास पटवून द्यावे.

कारण न शोधता नवा टर्बो बसविला, तर तोही त्याच मार्गाने जातो आणि पुष्कळदा काही तासांत जातो. विक्रेत्याकडे हमीचा दावा केला असता तेलाअभावी झालेली हानी हमीत बसत नाही, असे उत्तर मिळते आणि ते सामान्यतः योग्यच असते. विम्याचेही तसेच आहे. अपघाताने झालेले नुकसान मोटार विमा भरून देतो. झीज व यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत वगळलेले असतात.

निदान

‘टर्बो बसला’ हा निष्कर्ष गॅरेजमध्ये फार लवकर काढला जातो. शक्ती कमी झाली व काळा धूर येऊ लागला, याचा अर्थ इंधनाच्या मानाने हवा कमी पडते, एवढाच. ती तुंबलेल्या फिल्टरमुळे कमी पडत असेल, इंटरकूलरला चीर गेल्यामुळे कमी पडत असेल, किंवा इंजेक्टर अधिक इंधन सोडत असतील. प्रथम फिल्टर व सर्व नळ्या तपासाव्यात. शिट्टीसारखा आवाज भाराबरोबर वाढत असेल तर दाबाची हवा कोठेतरी निसटते आहे, असे समजावे. हे सारे तपासण्यास एक तास लागतो आणि खर्च जवळपास काहीच येत नाही.

निळसर धूर हे तेल जळत असल्याचे लक्षण आहे. येथेही घाई करू नये. टर्बोच्या दांड्यावरील सील रबरी नसतात. पिस्टन रिंगेसारख्या बारीक कड्या असतात आणि त्या तेल तेव्हाच रोखतात जेव्हा खालची परतीची नळी मोकळी असते. ही नळी चेपली असेल, किंवा पिस्टन रिंगा झिजल्याने इंजिनाच्या पोटात वायूंचा दाब वाढला असेल, तर निरोगी टर्बोही तेल फेकू लागतो. अशा वेळी टर्बो बदलून काहीच साध्य होत नाही, कारण खरा रोगी इंजिन असतो. तेल भरण्याचे झाकण काढून इंजिन चालू ठेवावे. तेथून वाफेसारखे वायू जोराने बाहेर येत असल्यास इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीची वेळ जवळ आली आहे, असे मानावे.

यानंतर हवेची नळी सोडून, इंजिन थंड असताना, दांडा हाताने हलवून पाहावा. वर-खाली किंचित हालचाल असणे स्वाभाविक आहे, कारण बंद इंजिनात तेलाचा थर नसतो. मागे-पुढे होणारी हालचाल मात्र फार थोडी, साधारणतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच, असावी. तिची नेमकी मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. चाकाची पाती आवरणास घासल्याच्या खुणा दिसल्या, पाती वाकलेली वा तुटलेली आढळली, तर शंकेस जागा उरत नाही.

तेल फेकणारा टर्बो घेऊन ‘घरापर्यंत जाऊ’ असा विचार करणे धोक्याचे आहे. ते तेल इंटरकूलरमध्ये साचते आणि एखाद्या क्षणी इंजिन डिझेलऐवजी तेच तेल जाळू लागते. मग किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही, त्याचा वेग वाढतच जातो आणि शेवटी ते फुटते. हवेचा मार्ग बंद करणे हाच त्यावरील उपाय होय, पण त्यासाठी हात पुढे करणे म्हणजे हात गमावणे. गाडी उभी असल्यास ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडून इंजिन अडविता येते. हे प्रत्येक चालकास आधीच सांगून ठेवलेले बरे.

जसा होता तसा

जुन्या वाहनासाठी बाजारात चार प्रकारचे पर्याय आढळतात. निर्मात्याचा नवा टर्बो, निर्मात्याने वा अधिकृत केंद्राने नूतनीकरण करून दिलेला, केवळ आतील गाभा बदलून मूळ आवरणे ठेवलेला, आणि नावाजलेल्या पेटीत मिळणारा नकली. आतील गाभा बदलणे हा जुन्या ट्रकसाठी पुष्कळदा उत्तम मार्ग ठरतो. मात्र तो गाभा यंत्रावर समतोल केलेला असावा व तसा कागद सोबत असावा. लाखभर वेगाने फिरणाऱ्या चाकात ग्रॅमच्या सूक्ष्म अंशाइतका असमतोलही बेअरिंगचा नाश करतो. नाक्यावरच्या कारागिराने जुन्या दांड्यावर नवे बुश चढवून दिलेला टर्बो स्वस्त असतो, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येते.

स्वस्ताईचा हिशेब मांडून पाहावा. समजा, एक ट्रक महिन्यास ६००० किलोमीटर धावतो व लिटरला ४ किलोमीटर देतो. त्यास १५०० लिटर डिझेल लागते. हवा कमी पुरविणाऱ्या टर्बोमुळे हे प्रमाण ३.६ वर आले, तर १६६७ लिटर लागतील. डिझेलचा दर ९० रुपये धरल्यास महिन्यास पंधरा हजार रुपये अधिक जातात. नकली टर्बो पंधरा हजारांनी स्वस्त मिळाला असेल, तर ती बचत पहिल्याच महिन्यात संपली. उभ्या गाडीचे बुडालेले भाडे त्यात अजून धरलेले नाही.

बसविताना काही गोष्टींचा आग्रह मालकाने स्वतः समोर उभे राहून धरावा. इंजिन ऑईल व त्याचा फिल्टर नवीन असावा. तेल आणणारी नळी साफ करण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर. तिच्या सांध्यांवर सिलिकॉनचा लेप लावू देऊ नये. त्याचा एक कण सुटून आत गेला तरी तेलाचे छिद्र बुजते. इंटरकूलर काढून आतील तेल व धातूचे कण धुऊन काढावेत, कारण जुन्या चाकाचे तुकडे तेथेच दडून बसतात आणि पुढे थेट सिलिंडरमध्ये जातात. टर्बोच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून दांडा हाताने फिरवावा. नंतर इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने इंजिन थोडे-थोडे फिरवावे आणि सुरू झाल्यावर काही मिनिटे मंद गतीवरच ठेवावे. ‘जरा रेस करून आवाज ऐकू’ हा गॅरेजमधील आवडता विधी आहे. नव्या टर्बोसाठी तो घातक होय.

वाढवावा का?

मोठा टर्बो म्हणजे अधिक शक्ती, ही समजूत निम्म्या सत्यावर उभी आहे. टर्बो फक्त हवा देतो. शक्ती हवी असल्यास तितके इंधनही वाढवावे लागते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात स्क्रू फिरवून ते वाढविणे सोपे आहे आणि धोका नेमका या सोपेपणात आहे. इंधन वाढले व हवा त्या मानाने पुरली नाही, तर बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान चढते. त्याची झळ प्रथम पिस्टनच्या माथ्यास, झडपांस व खुद्द टर्बोच्या चाकास लागते. क्लच, गिअरबॉक्स व मागील आसही जुन्याच शक्तीच्या हिशेबाने घडविलेले असतात.

मोठ्या चाकास गती घेण्यास वेळ लागतो, हा दुसरा तोटा. भरलेल्या ट्रकला शक्ती हवी असते ती कमी आवर्तनांवर, चढणीच्या पायथ्याशी. आणि मोठा टर्बो नेमका तेथेच आळशी असतो. तोपर्यंत धूर होतो, गिअर खाली टाकावा लागतो व डिझेल अधिक जाते. प्रत्येक कॉम्प्रेसरचा एक आलेख असतो. प्रवाह फार कमी असता हवा उलटी फिरून चाकास हादरे बसतात, फार अधिक असता चाक गुदमरते. या दोन सीमांच्या मध्येच इंजिनाचे रोजचे काम पडले पाहिजे. समुद्रसपाटीवर सुरक्षित असलेला टर्बो ३५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये तोच दाब देण्यासाठी अधिक वेगाने फिरतो, म्हणून मर्यादेजवळ निवडलेला टर्बो डोंगराळ मार्गावर लवकर जातो.

मग वाढ कधीच करू नये काय? तसे नाही. त्याच इंजिनाच्या अधिक शक्तीच्या आवृत्तीत निर्मात्याने जो टर्बो, जो इंटरकूलर व पंपाची जी मांडणी दिली, ती सर्व एकत्र घेणे हा एक विचारपूर्वक मार्ग आहे. विशेषतः ज्या जुन्या इंजिनास टर्बो होता पण इंटरकूलर नव्हता, त्यात इंटरकूलरमुळे थंड व दाट हवा मिळते आणि तापमानही उतरते. जनित्रसंच किंवा मच्छीमार नौकेवरील इंजिन स्थिर भारावर चालत असल्याने तेथे टर्बोची निवड अधिक नेमकी करता येते. ज्या इंजिनास मुळात टर्बोच नव्हता, त्याला तो बाहेरून लावणे मात्र बहुधा टाळावे. त्याचे पिस्टन खालून तेलाच्या फवाऱ्याने थंड करण्याची सोय नसते आणि संपीडनाचे प्रमाणही अधिक असते.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. तोच टर्बो बदलणे ही दुरुस्ती होय. शक्ती वाढविणारा फेरबदल ही वेगळी बाब आहे. वाढविलेल्या इंधनाचा धूर प्रदूषण चाचणीत दिसल्यावाचून राहत नाही. भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल वाहनास ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. आठ वर्षांहून जुन्या व्यापारी वाहनास योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. आणि वाहन बँकेकडे तारण असेल, तर फेरबदलापूर्वी शाखेची लेखी संमती घेण्याची अट करारात बहुधा असतेच. अपघातानंतर दाव्याच्या वेळी न कळविलेला फेरबदल विमा सर्वेक्षकाच्या नजरेस आला, तर अडचण मालकाची व बँकेची अशी दोघांचीही होते.

वहीतील नोंद

लेखाशास्त्राच्या दृष्टीने हे दोन मार्ग निरनिराळे आहेत. निकामी टर्बो काढून तसाच बसविणे हा सामान्यतः महसुली खर्च असून तो त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. क्षमता वाढविणारा बदल भांडवली मानला जातो व त्यावर घसारा घ्यावा लागतो. वर्षभरात कधीही दहाहून अधिक मालवाहू वाहने नसलेले जे व्यावसायिक अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीनुसार विवरण भरतात, त्यांना दुरुस्तीची वजावट स्वतंत्रपणे मिळत नाही, कारण ती त्या अनुमानात समाविष्ट असते. तरीही पक्के बिल घ्यावे. त्याशिवाय हमी मिळत नाही. टर्बोचा अनुक्रमांक त्या बिलावर लिहून घ्यावा.

दुरुस्तीसाठी ग्राहक शाखेत कर्ज मागण्यास आला, तर अधिकाऱ्याने केवळ टर्बोचे दरपत्रक पाहून थांबू नये. तो का गेला, इंजिनाच्या पोटातील दाब तपासला आहे काय, इंटरकूलर धुण्याचा व तेलनळीचा खर्च दरपत्रकात आहे काय, हे विचारावे. वाहनाचे उरलेले आयुष्य व कर्जाची मुदत यांचाही मेळ घालावा. दोन वर्षे धावणाऱ्या ट्रकच्या दुरुस्तीस चार वर्षांची मुदत देणे ग्राहकाच्या हिताचे नसते. इंजिनाच्या रिंगाच झिजल्या असतील, तर टर्बोपुरते लहान कर्ज देण्याऐवजी संपूर्ण इंजिन दुरुस्तीचे मोठे कर्ज, किंवा ते वाहन विकून जुने कर्ज फेडण्याचा सल्ला, हे दोन्ही पर्याय ग्राहकापुढे आकड्यांसह मांडावेत. निर्णय त्याने घ्यावा.